कवटी कुणी साफ केली?

परवा लातूरहून पुतण्याचा फोन आला. "काका, नव्या बंगल्याची वास्तुशांत पंधरा दिवसांवर आलीय. गावच्या वाड्यातली ती बिबट्याची कवटी हॉलमध्ये लावावी म्हणतो. पार पिवळी पडलीय, तेलकट झालीय. दहा दिवसांत पांढरीशुभ्र करून देणारं नांदेडला कुणी आहे का?"

मी मराठी आणि इतिहास शिकवलेला मास्तर. मला कवट्यांतलं काय कळणार? म्हणून उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. तो हसला. "सर, दहा दिवसांत ती फक्त खराब होईल."

त्याने सांगितलं ते असं. मुंडकं ताजं असेल तर घाईची माणसं उकळतात. मांस सुटतं, पण हाड ठिसूळ होतं, चरबी उलट हाडात मुरते, दात तडकतात. बरी पद्धत म्हणजे साध्या पाण्यात कुजवणं. काही आठवडे लागतात, मधूनमधून पाणी बदलायचं, आणि वास असा की शेजारी भांडायला यावेत! परदेशात यासाठी मांस खाणारे किडे पाळतात. नाकातली नाजूक हाडंही ते न मोडता कोरून देतात. मग साबणाच्या कोमट पाण्यात ठेवून चरबी काढायची. हे सगळ्यांत वेळखाऊ, कधी कधी महिने जातात. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. घरातलं ब्लीच कधीच नाही, त्याने हाड झिजतं. आमची कवटी पिवळी आहे ती बहुधा आत राहिलेल्या चरबीमुळे.

हे ऐकताना वडिलांचं बोलणं आठवलं. आजोबांनी हा बिबट्या निजामाच्या काळात किनवटच्या जंगलात मारला. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राजेरजवाडे आपल्या शिकारी म्हैसूरच्या व्हॅन इंगेनकडे पाठवत. आमची ऐपत तेवढी कुठली? मुंडकं गावकुसाबाहेरच्या एका माणसाकडे दिलं. त्याने ते ओढ्याकाठी रांजणात कुजवलं, पाणी बदललं, काडीने मेंदू काढला, दात जागेवर बसवले. कवटी वाड्याच्या ओसरीवर लागली. त्या माणसाला मात्र ओसरीची पायरी चढायची मुभा नव्हती. पाणी प्यायला दिलं ते वरून, ओंजळीत.

मंडळी, जरा विचार करा. मेलेल्या जनावराला हात लावला म्हणून माणूस विटाळाचा, आणि त्याच जनावराचं हाड आमच्या डोक्यावर मानाने! हीच कामं सोडा असं बाबासाहेबांनी सांगितलं, तेव्हा गावोगावी बहिष्कार टाकणारे आमच्यासारख्याच वाड्यांतले होते. बंदूक कुठल्या बनावटीची होती हे वडिलांना पाठ होतं. त्या माणसाचं नाव मी विचारलं, तर म्हणाले, "आता कुठलं आठवायला?"

पुतण्या म्हणतो, "काका, हा आपला वारसा आहे. तुम्ही आजोबांचा अपमान करताय." अरे, आजोबा त्यांच्या काळात वागले. ती कवटी आज हॉलमध्ये लावायची की नाही, हे मात्र आपण ठरवतोय. पाहुण्यांना काय सांगशील? शौर्य? गोळी सुटायला एक क्षण लागला. राबला तो दुसराच, कित्येक आठवडे.

शिवाय कायदा आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वडिलांनी मालकीचं प्रमाणपत्र काढलं होतं. त्यांच्यानंतर रीतसर नोंद होऊन ते माझ्या नावावर आलं. अशी वस्तू विकता येत नाही, आणि वारसाखेरीज दुसऱ्या कुणाला घरी ठेवताही येत नाही. म्हणजे मी हयात असेपर्यंत पुतण्याला ती भेट म्हणूनही देता येणार नाही. २०२२ च्या दुरुस्तीने एक चांगली सोय झाली आहे. नको असेल तर ती वनखात्याकडे जमा करता येते. मोबदला मिळत नाही. नकोच आहे. मी अर्ज लिहून ठेवलाय.

वास्तुशांतीला मी येणार, आहेरही आणणार. कवटी येणार नाही. नातेवाईक मंडळी रागावतील, खुशाल रागवा. पण तुमच्यापैकी कुणी आपल्या आजीच्या, आत्याच्या तोंडून त्या माणसाचं नाव कधी ऐकलं असेल, तर मला जरूर कळवा. वनखात्याला द्यायच्या कागदावर ते लिहायचं आहे.