मुलांचा छापील चंद्र

बालवाङ्मयाचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षितांचे तत्काळ दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, चंद्र हा मुलांचा मामा आहे, त्याला मामाच राहू द्या. तेथे दगडधोंडे आणि खळगे आहेत हे सांगून कोवळ्या जीवांची स्वप्ने मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? दुसरा पक्ष तितक्याच आवेशाने बजावतो की, मनुष्य १९६९ साली चंद्रावर उतरला, त्याला अर्धे शतक उलटून गेले; आता अंगाईगीतातला चंद्र पुरे, मुलांच्या हाती माहिती द्या. हा वाद मी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे आणि तो मला दिवसेंदिवस पोकळ वाटू लागला आहे. कारण एका गोष्टीचे विस्मरण दोन्ही पक्षांना सारखेच झालेले आहे. ती गोष्ट अशी की, चंद्र आकाशात आहे आणि तो दिसतो.

गेल्या फाल्गुनातला प्रसंग सांगतो. माझी सात वर्षांची पुतणी आमच्याकडे राहावयास आली होती. तिच्यापाशी चंद्राविषयीचे एक गुळगुळीत कागदाचे, रंगीबेरंगी पुस्तक होते. शुद्ध तृतीयेच्या संध्याकाळी तिला मी गच्चीवर नेले. पश्चिमेस कोर स्पष्ट दिसत होती. तिने क्षणभर पाहिले, पुस्तक उघडून पुन्हा पाहिले आणि मोठ्या गंभीरपणे निर्णय दिला, “काका, हा चंद्र चुकलाय. आडवा पडलाय. आणि मधली चांदणी कुठे गेली?”

पुस्तकातली चित्रे परदेशी होती. खालचा मजकूर तेवढा मराठी. लंडन सुमारे ५१ अंश अक्षांशावर आहे, पुणे सुमारे १८. तिकडे कोर बहुधा उभट दिसते. आपल्याकडे माघ-फाल्गुनात संध्याकाळची कोर होडीसारखी जवळजवळ आडवी तरंगते. चित्रकाराने आपल्या देशातला चंद्र काढला यात त्याचा काय दोष? दोष तो मराठीत आणणाराचा, ज्याने एकदाही खिडकीबाहेर डोकावून पाहिले नाही. कोरीच्या दोन टोकांमध्ये लुकलुकणारी ती चांदणी मात्र कोणत्याच देशात खरी नाही. त्या जागी रिकामे आकाश नसून चंद्राचाच अप्रकाशित भाग असतो. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात द्वितीया-तृतीयेस तो राखी रंगाचा दिसतोही. चंद्राचे शरीर भेदून तारा दिसावयाचा कसा? आमच्या चित्रकारांनी ही चांदणी इतक्या निष्ठेने जतन केली आहे की, तिच्याशिवाय कोर त्यांना विधवा वाटत असावी. तीच कोर मध्यरात्री झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर लटकावण्याची हौसही अशीच. शुद्ध पक्षातली कोर सूर्यामागोमाग मावळते आणि वद्य पक्षातली पहाटे उगवते. मध्यरात्री माथ्यावर कोर असणे शक्यच नाही.

कोणी म्हणेल, मुलांच्या चित्रात इतका काटेकोरपणा कशाला? मला चित्राची काळजी नाही; चांदोबाला डोळे काढा, मिशा काढा, टोपी घाला. मला काळजी वाटते ती त्या मुलीच्या निर्णयाची. पुस्तक आणि आकाश यांत विरोध दिसताच तिने आकाशाला चूक ठरविले. आज ती सात वर्षांची आहे. अशीच मुले विसाव्या वर्षी आमच्यासमोर वर्गात येऊन बसतात. पौर्णिमेचा चंद्र किती वाजता उगवतो, हा प्रश्न मी पदवीच्या वर्गात अधूनमधून विचारतो. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली मंडळी तोंडाकडे पाहत राहतात. एके वर्षी मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “आई संकष्टीला नऊ-साडेनऊपर्यंत उपाशी थांबते; म्हणजे पौर्णिमेला तो बराच आधी, दिवेलागणीला उगवत असणार.” चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो हे वाक्य तिने कोठेही वाचले नव्हते. आईच्या भुकेवरून तिने ते काढले होते.

ज्या समाजात सण तिथीने येतात, स्त्रिया चंद्रोदयावर उपवास सोडतात, कोजागरीला दुधात चंद्र पाहतात, त्या समाजाच्या बालपुस्तकांत तिथीचा शब्द सापडू नये, यासारखा करंटेपणा नाही. ‘माहिती’वाल्या पक्षाला ती अंधश्रद्धा वाटते आणि ‘मामा’वाल्या पक्षाला ते गणित वाटते. तिथीत व्रत असेल; पण तीत सूर्य आणि चंद्र यांमधील अंतराचे मोजमापही आहे, आणि ते मोजमाप मुलाला फुकट, घरबसल्या मिळत आहे.

माहितीच्या पुस्तकांविषयी थोडक्यातच सांगतो, कारण ती सारी एका साच्याची असतात. अंतर ३,८४,००० किलोमीटर, गुरुत्वाकर्षण एकषष्ठांश, पहिला मानव अमुक, आणि शेवटी रिकाम्या जागा भरा. यांतील कित्येकांत चंद्राची पलीकडची बाजू ‘सदैव अंधारात’ असल्याचे अजूनही छापले जाते! १९५९ साली लूना-३ या रशियन यानाने त्या बाजूची छायाचित्रे घेतली ती काय कंदील लावून? अमावास्येस आपल्याकडची बाजू काळोखात असते, तेव्हा सूर्य पलीकडे तळपत असला पाहिजे, एवढा विचार दुसरीतले मूलही करू शकेल. मात्र त्याने आधी महिनाभर चंद्र पाहिलेला असला पाहिजे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्या क्षणी लक्षावधी मुले पडद्यांसमोर बसली होती आणि त्यांचा आनंद खरा होता. माझे डोळेही कोरडे नव्हते. परंतु त्या दिवशी निज श्रावणातली शुद्ध सप्तमी होती. म्हणजे ज्या चंद्रावर यान उतरत होते तो स्वतः, जवळजवळ अर्धा, बाहेर आकाशातच होता. श्रावणातले ढग आड आले असतील तर उपाय नाही. पण ढग नव्हते तेथे किती शिक्षकांनी मुलांना म्हटले, चला, अंगणात? यान त्याच दिवशी का उतरले, हेही नंतरच्या बालपुस्तकांत मी शोधले. उतरण्याच्या जागी नुकतेच उजाडले होते, यंत्रे सूर्यप्रकाशावर चालणारी होती आणि तेथला दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांएवढा असतो, म्हणून. मला सापडली ती पानभर झेंड्यांची चित्रे. राष्ट्राभिमानाला माझा विरोध नाही, पण त्याने उत्तराची जागा अडवू नये.

ज्ञानाने काव्य मरते ही भीती तर मला मुळीच पटत नाही. मार्गारेट वाइज ब्राउन या अमेरिकन लेखिकेचे ‘गुडनाइट मून’ हे १९४७ सालचे पुस्तक झोपाळू बालकांसाठीच लिहिलेले आहे. त्यात खगोलाचे एक अक्षर नाही. तरीही पाने उलटता उलटता खिडकीतला चंद्र हळूहळू वर चढतो. चित्रकाराने चंद्र चालतो एवढे ध्यानात ठेवले, आणि काव्याला काही इजा झाली नाही. परक्यांचे उदाहरण नको असेल तर आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शाळामास्तराने ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि त्याला जोडनाव दिले, ‘रात्रीची दोन घटका मौज’. ‘रात्रीची’ आणि ‘मौज’ हे दोन्ही शब्द आमच्या प्रकाशकांनी टेबलावर लिहून ठेवावेत.

शहरात आकाश कोठे उरले आहे, हा आक्षेप ताऱ्यांपुरता खरा आहे, चंद्रापुरता नाही. मुंबईच्या झगमगाटातही चंद्र दिसतो, आणि दिवसाही दिसतो, हे सांगितले तर अनेक पालक दचकतात.

माझी मागणी अगदी माफक आहे. चंद्राच्या प्रत्येक बालपुस्तकाच्या शेवटी तीस कोरी वर्तुळे छापावीत. मुलाने रोज पाहून त्यांत चंद्र काढावा. एका प्रकाशकांपाशी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, कोऱ्या पानांना पैसे कोण देतो?” असो. पुतणीला मी वहीत थाळीने वर्तुळे काढून दिली. होळीपर्यंत तिने इमाने चंद्र भरला. वद्य चतुर्थीपासून मात्र वर्तुळे रिकामी आणि त्यांखाली एकच शेरा: ‘आला नाही’. तो आता तिच्या झोपेनंतर उगवत होता, हे मी मुद्दामच सांगितले नाही. ती आपल्या घरी परत गेली आणि अष्टमीच्या सकाळी तिचा फोन आला. शाळेच्या वाटेवर, उन्हात, पाण्याच्या टाकीवर तो अर्धा, पांढराफटक बसलेला तिला सापडला होता. पण उजेडाची बाजू बदललेली होती, आणि असे का, हे तिला ताबडतोब हवे होते.