पाठीच्या मापाची पिशवी

मुलांचे कपडे शिवावयास टाकताना आपल्या वडनेरसारख्या गावी वडील मंडळी शिंप्यास हटकून सांगतात, "जरा वाढत्या अंगाचे ठेवा." काटकसरीच्या दृष्टीने ही रीत वाईट नाही. सदरा वर्षभर सैल राहिला तरी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु सुटीत सह्याद्रीतील गडांवर दोन-तीन दिवसांच्या पदभ्रमणास निघणाऱ्या मुलासाठी पाठपिशवी, म्हणजे मुलांच्या भाषेत सॅक, घेतानाही हीच रीत चालविली, तर ती अपायकारक होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण पिशवीच्या रचनेत आहे. पूर्वी अशा पिशवीचा सांगाडा बाहेरून असे. तो झुडपांत अडके व खडक चढताना तोल ढळवी. 1967 साली ग्रेग लो या अमेरिकन गिर्यारोहकाने तो पिशवीच्या आत बसविला. आतील पट्ट्या पाठीच्या बाकाशी जुळतात आणि बहुतेक ओझे कमरपट्ट्याच्या द्वारे कमरेच्या हाडांवर उतरवितात. मात्र सांगाडा पाठीहून लांब असला, की पट्टा कमरेखाली घसरतो आणि सारा भार पुन्हा कोवळ्या खांद्यांवर येतो. मोल दिले सांगाड्याचे, हाती आले पोते!

म्हणून मुलाची उंची न पाहता पाठ मोजावी. मान पुढे वाकविली असता जे हाड वर येते, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर हेच खरे माप. पाठीची लांबी कमीअधिक करता येईल अशाही पिशव्या मिळतात. काटकसर साधावयाची तर ती तेथे साधावी. दुकानात पाच-सहा किलो वजन भरून, आधी कमरपट्टा व मग खांदपट्टे आवळून, जिना चढून-उतरून पाहावे.

कोणी म्हणेल, वारकरी साधी पडशी घेऊन आळंदीहून पंढरपुरास पायी जातात, त्यांस सांगाडा कोठे लागतो? खरे आहे, पण दिंडीचे जड सामान वाहनातून जाते. हरिश्चंद्रगडाच्या चढणीवर वाहन नाही. तेथे पाणी, शिधा व अंथरूण स्वतःच वाहावे लागते, आणि आपल्या सपाट कापूसपट्टीतील मुलास तर चढणीची सवयही नसते.

मोठ्या पिशवीचा आणखी एक दोष असा, की ती रिकामी ठेववत नाही. शाळेचे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावे, असे 2020 च्या राष्ट्रीय दप्तर-धोरणात म्हटले आहे. पदभ्रमणात एवढ्याने भागत नाही. तथापि प्रौढासही पाचव्या हिश्शाहून अधिक ओझे जाणते लोक उचित मानीत नाहीत. तेव्हा आधी सामान निवडावे, त्यातून अनावश्यक ते काढावे आणि मग उरलेल्यास पुरेल एवढीच पिशवी घ्यावी. दोन-तीन दिवसांस 40 ते 50 लिटरची पुष्कळ झाली.

पालकहो, मुलाचा सदरा खुशाल वाढत्या अंगाचा असू द्या. त्याच्या पाठीवरचे ओझे मात्र आजच्या अंगाचेच असावे.