मोबाइलवरचा आकडा आणि अम्मींची तपासणी

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. तिच्या सासूबाईंची पाळी बंद होऊन बरीच वर्षे झालेली, आणि दोन महिन्यांपासून अधूनमधून रक्त जात होते. लाजेपायी त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. बोलल्या तेव्हा घरात एकच धावपळ उडाली. मुलाने मोबाइलवर कॅन्सरच्या डॉक्टरांची नावे शोधायला घेतली. एका नावापुढे भरपूर शोधनिबंध आणि हजारो ‘सायटेशन्स’ दिसली, तसा तो खूश झाला. पण यादी खाली सरकवली तर गर्भाशयाच्या कॅन्सरवरील निबंधांच्या शेजारीच जंगलातले पक्षी आणि नदीतले मासे! “आपा, हा माणूस डॉक्टर आहे की पर्यावरणवाला? अम्मींना याच्याकडे न्यायचं की नाही?”

मी म्हटले, आधी यादी बाजूला ठेव आणि अम्मींना उद्याच जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ने. पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी तपासणी हवीच. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असेल तर तो याच खुणेने लवकर सापडतो, आणि लवकर सापडला तर बहुधा बरा होतो.

आता त्या यादीबद्दल. एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला की दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. त्यावरून २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-इंडेक्स’ सुचवला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा एच-इंडेक्स वीस. मात्र हा आकडा उल्लेख मोजतो, हातगुण नव्हे. चूक दाखवण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात धरला जातो. आणि उत्तम शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने एकही निबंध लिहिलेला नसेल, असेही होऊ शकते.

पक्षी आणि मासे कुठून आले? बहुधा नावाच्या घोळातून. या याद्या पुष्कळदा संगणकच जुळवतो. आडनाव आणि नावाचे पहिले अक्षर सारखे असले की दोन माणसांचे काम एकाच खात्यात पडू शकते. आपल्यात शेख, खान, पठाण किती! शिवाय लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधक स्त्रीचे काम दोन नावांत विभागले जाते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो. तो ज्याचा त्याचा वेगळा असतो.

मग संशोधनाला किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. फक्त ती आकड्यात न शोधता निबंधाच्या आत शोधावी. आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय त्यात होते. विषय होता गर्भाशयमुखाचा कॅन्सर. गावांचे चार गट केले. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच चाचणी झाली. दुसऱ्या एका गटात नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते आणि नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. तेही चाचणीचा गट थोडा मोठा असताना. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज जागतिक आरोग्य संघटनाही गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते.

ज्या बायांनी लाज बाजूला ठेवून ती तपासणी करून घेतली, त्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही. त्यांच्यामुळे जगाला जे कळले, ते आपल्या घरात वापरले तर त्या निबंधाचे चीज झाले. तिशी ओलांडलेल्या भगिनींनी आपल्या डॉक्टरांना या चाचणीबद्दल जरूर विचारावे.

आणि कॅन्सरचा डॉक्टर निवडताना सायटेशन्स मोजत बसू नका. समोर बसून विचारा. अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही करता? इलाज एकटेच ठरवता की इतर तज्ज्ञांशी बोलून? खर्च किती, आणि सरकारी योजनेत बसतो का? शांतपणे उत्तर देणारा डॉक्टर मिळाला की निम्मी काळजी मिटते.

परवा त्या भगिनीचा पुन्हा फोन आला. अस्तराचा तुकडा तपासायला दिला आहे, रिपोर्ट यायचा आहे. मागून अम्मींचा आवाज आला, “तिला सांग, दोन महिने उगाच गप्प बसले.”