नित्याच्या कामांतून मेंदूची पारख

डोक्याला मार लागलेली व्यक्ती उपचारांनंतर घरी येते. नावे, नाती, वार तिला अचूक सांगता येतात. तरीही सकाळची गोळी हातात तशीच राहते आणि गॅसवरचे दूध ओतू जाते. घरची मंडळी तिला आळशी वा हट्टी ठरवतात. वस्तुतः कामास आरंभ करणे, क्रम लावणे, चूक ओळखणे आणि काम तडीस नेणे ही मेंदूची कार्यकारी क्षमता दुखावलेली असू शकते. कपाळामागील भागाला इजा झाल्यास हे विशेषत्वाने आढळते.

१९९१ मध्ये टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी अशा तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बुद्धिमापन चाचण्यांत ते सरस ठरले; बाजारातील साधी कामे उरकताना मात्र गोंधळले. म्हणूनच व्यवसायोपचार तज्ज्ञ साधा स्वयंपाक, दूरध्वनी, औषधे आणि बिलभरणा यांतून ही क्षमता पारखतात. कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू केले.

घरी निरीक्षण करताना काम अंगवळणी पडलेलेच निवडावे. वसमत वा कळमनुरीकडे ज्यांनी जन्मभर हळद पिकवली, पण चुलीपाशी कधी पाऊल ठेवले नाही, त्यांना चहा जमला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे यांचा क्रम त्यांना सांगता येतो का, विक्रीचा हिशेब जुळतो का, हे पाहावे.

लगेच हात पुढे करू नये. प्रथम थांबावे, मग ‘आता पुढे काय?’ एवढेच विचारावे. नंतर खुणेने दाखवावे. त्यानंतर नेमके सांगावे. अखेरीस हातभार लावावा. कोणत्या पायरीवर काम झाले, ते तारखेसह वहीत लिहावे. विस्तव वा यंत्राजवळ कोणी तरी सोबत असावेच; धोका दिसताच तत्काळ आवरावे.

ही वही म्हणजे निदान नव्हे. मंद दृष्टी, कमी ऐकू येणे, खिन्नता किंवा औषधांची गुंगी यांमुळेही कामे अडतात. ती डॉक्टरांना दाखवावी. पैशांचे मोठे व्यवहार आणि सह्या तोवर लांबणीवर टाकाव्यात. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झापड किंवा अचानक गोंधळ जाणवल्यास मात्र रुग्णालय गाठण्यास विलंब नको.

जिथे काम अडते, तेवढीच मदत द्यावी. उरलेले काम त्यांचे त्यांनाच करू द्यावे.