फिलिपिनी सैनिकांचा भरपाई निधी : देणे फिटले की मिटवले?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आदेशाखाली लढलेल्या फिलिपिनी सैनिकांसाठी अमेरिकेने २००९ मध्ये भरपाई निधी स्थापन केला. अर्ज करण्याची एक वर्षाची मुदत फेब्रुवारी २०१० मध्ये संपली. मुदत उलटलेला निधी कायद्याने बंद करणे, ही वरकरणी हिशेबाची बाब वाटते. मात्र या प्रकरणात देणे संपविण्यासाठी कायद्याचा आधार घेतला जाण्याची ही पहिली वेळ नव्हे.

फिलिपिन्स १८९८ पासून अमेरिकेच्या अधिपत्याखाली होते. जपानशी युद्धाची चिन्हे दिसू लागताच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २६ जुलै १९४१ रोजी आदेश काढून तेथील सैन्य अमेरिकेच्या सेवेत दाखल करून घेतले. पुढे अडीच लाखांहून अधिक फिलिपिनी सैनिक आणि गनिमी योद्धे या लढ्यात उतरले. एप्रिल १९४२ मध्ये बाटानचा पाडाव झाल्यानंतर युद्धकैद्यांना जी जीवघेणी पायपीट घडविण्यात आली, तिच्यात बहुसंख्य फिलिपिनीच होते.

युद्ध संपल्यावर चित्र पालटले. फिलिपिन्सचे स्वातंत्र्य तोंडावर आले असताना, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यान्वये या सैनिकांची सेवा बहुतांश लाभांसाठी अमेरिकी सैन्यातील सक्रिय सेवा मानली जाणार नाही, असे ठरले. फिलिपिनी सैन्यासाठी २० कोटी डॉलरची तरतूद करून अमेरिकेने उर्वरित जबाबदारीतून अंग काढून घेतले. अपंगत्व आणि मृत्यू यांबाबतचे काही लाभ कायम राहिले, परंतु तेही एका डॉलरमागे एक पेसो, म्हणजे निम्म्या दराने. या कायद्याविषयी ट्रूमन यांनी स्वतःच असमाधान व्यक्त केले होते.

त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ हा प्रश्न प्रलंबित राहिला. १९९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला, तरी समान निवृत्तिवेतनाची मागणी मान्य झाली नाही. अखेर सिनेटर डॅनियल इनोये यांच्या पाठपुराव्यामुळे १७ फेब्रुवारी २००९ च्या आर्थिक उभारी कायद्यात या निधीचा समावेश झाला. त्यासाठी १९ कोटी ८० लाख डॉलर उपलब्ध होते. अमेरिकी नागरिक असलेल्यांना १५ हजार आणि इतरांना ९ हजार डॉलर एकदाच देण्याची तरतूद होती. या कायद्याने त्यांची सेवा सक्रिय सेवा म्हणून मान्य केली. मात्र रक्कम स्वीकारणाऱ्याने, आधीच्या कायद्यांनुसार मिळणारे लाभ वगळता, या सेवेपोटी अन्य कोणताही दावा करू नये, अशी अटही घातली.

अंमलबजावणीत अडचण आली ती पुराव्याची. सुमारे ४२ हजार अर्जांपैकी सुमारे १९ हजारच मंजूर झाले. ज्यांची नावे युद्धानंतर अमेरिकी लष्कराने तयार केलेल्या याद्यांमध्ये आढळली नाहीत, त्यांचे अर्ज सामान्यतः फेटाळले गेले. गनिमी पथकांच्या याद्यांचे काम १९४८ मध्येच संपविण्यात आले होते. सेवा बजावूनही त्या वेळी ज्याचे नाव नोंदले गेले नाही, त्याच्यापुढे साठ वर्षांनी ती सिद्ध करण्याचा पेच उभा राहिला. युद्धसमाप्तीच्या वेळी अठरा वर्षांचा असलेला सैनिक २००९ मध्ये ब्याऐंशी वर्षांचा होता. अर्ज करण्यापूर्वीच निधन पावलेल्यांच्या विधवांना या योजनेत स्थान नव्हते.

निधी बंद करण्याच्या बाजूने एक युक्तिवाद निश्चितच आहे. कोणतीही योजना अनंत काळ खुली ठेवता येत नाही, आणि सरकारी पैसा देताना पडताळणी आवश्यकच असते. तथापि ज्या नोंदींच्या अभावी अर्ज नाकारले गेले, त्या नोंदी ठेवणे हे सैनिकांचे नव्हे, तर त्यांना सेवेत घेणाऱ्या सत्तेचे काम होते. उणिवेचा भार मात्र अर्जदारावर पडला.

२०१६ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार, २५ ऑक्टोबर २०१७ रोजी या सैनिकांना अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक सामूहिकरीत्या प्रदान करण्यात आले. सेवेविषयीची शंका या सन्मानाने दूर केली, पण नामंजूर अर्ज मंजूर झाले नाहीत. निधीचे खाते कायद्याने बंद करता येते. १९४१ मध्ये दिलेल्या आदेशाचे उत्तरदायित्व मात्र खात्यातील शिल्लक शून्य झाल्याने संपत नाही.