खंडेनवमीचा संगणक आणि तीन वर्षांचे आयुष्य

खंडेनवमीला कचेऱ्यांतून शस्त्रांच्या जागी संगणकाची पूजा होऊ लागली, त्यालाही आता बराच काळ लोटला. कळफलकावर हळदकुंकू, पडद्याला झेंडूची माळ. ज्या साधनावर चरितार्थ चालतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, ही आपली रीत. २०२५ साली १ ऑक्टोबरला अशी पूजा झाली आणि अवघ्या तेरा दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. पुढची आवृत्ती असंख्य जुन्या यंत्रांना अधिकृतरीत्या स्वीकारतच नाही. जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक यामुळे भंगारात जाऊ शकतील, असा अंदाज ‘कॅनालिस’ या बाजार-अभ्यासक संस्थेने २०२३ सालीच वर्तविला होता. यातील बहुतेक यंत्रे बिघडलेली नव्हती, हे महत्त्वाचे.

कचेरीतील पर्यावरणाचा विषय निघाला की दिवे मालवा, कागद वाचवा, दोन्ही बाजूंनी छापा, एवढ्यावर चर्चा थांबते. त्यात चुकीचे काही नाही. आपली वीज प्रामुख्याने कोळशाची असल्याने रात्रभर सुरू ठेवलेला संगणक निरुपद्रवी नव्हेच. परंतु लॅपटॉपच्या बाबतीत त्याच्या आयुष्यभरातील कार्बनभाराचा मोठा हिस्सा तो खोक्यातून बाहेर येण्यापूर्वीच खर्ची पडलेला असतो. खाणीतून धातू काढणे, ते शुद्ध करणे, चिप घडविताना लागणारी प्रचंड वीज आणि अतिशुद्ध पाणी, ही सारी किंमत निर्मितीच्या वेळीच मोजलेली असते. म्हणजे चार वर्षांनी टाकावयाचे यंत्र आठ वर्षे वापरले तर त्या भाराचा वार्षिक वाटा निम्म्यावर येतो. दिवे मालवून एवढी बचत साधत नाही.

मग ते टाकले का जाते? पुष्कळदा झिजेमुळे नव्हे, तर हिशेबामुळे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉप व डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. ही तरतूद केवळ घसाऱ्यासाठी आहे. तीन वर्षांनी यंत्र फेकावे असे कायदा कोठेही सांगत नाही. पण जमाखर्चाच्या वहीत किंमत नाममात्र उरली, हमीची मुदत संपली, की खरेदी विभागाची नजर नव्या यंत्राकडे वळते. वहीतले मरण हे यंत्राचे मरण नव्हे, एवढा विवेक लेखापालांना नक्कीच असतो. तो खरेदीच्या बैठकीत बोलला जात नाही, इतकेच.

टाकलेल्या यंत्राचे पुढे काय होते, हे कचेरीला सहसा दिसत नाही. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा एक मुक्काम म्हणजे मुरादाबाद. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या शहरात गोरगरीब कुटुंबे तांब्यासाठी संगणकाचे सर्किट बोर्ड जाळीत आणि त्याची काळी राख रामगंगेच्या काठी साचे. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाला त्याची दखल घ्यावी लागली. ज्या नदीचे पाणी पुढे गंगेला मिळते, तिच्या काठी आपल्याच कचेऱ्यांतील उच्छिष्ट जळत असेल, तर खंडेनवमीच्या त्या हळदकुंकवाला काय अर्थ उरला?

कायदा नाही असे नव्हे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मात्र त्यांतील ‘मोठा ग्राहक’ म्हणजे वर्षभरात किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था. गावची पतपेढी, शाळा, सनदी लेखापालाचे कार्यालय या व्याख्येत बसत नाही. त्यांचे संगणक भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जातात. त्याला दोष देण्याचे कारण नाही. उलट चालू भाग वेगळा काढून विकण्याची काटकसर तोच जपतो. नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यापर्यंत माल नेण्याचा खर्च छोट्या संस्थांनी एकत्र येऊन उचलणे अवघड नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने दुर्मीळ खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. जी खनिजे परदेशातून आणावी लागतात, ती आपल्याच अडगळीत पडून आहेत, हाच तिचा आधार.

पण पुनर्चक्रण ही शेवटची पायरी. त्याआधी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे, रॅम वाढविणे, बॅटरी बदलणे एवढ्याने यंत्र पुष्कळदा पुन्हा उभे राहते. प्रणालीचा प्रश्न उरतो. सुरक्षेच्या अद्ययावत दुरुस्त्या नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे, हे मान्यच करावयास हवे. परंतु सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली उपलब्ध आहे आणि केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी एखादे नवे यंत्र ठेवावे. पत्रव्यवहार, नोंदी, ग्रंथालय यांना जुने चालते.

दान देताना अनेक संस्था कचरतात, ते माहितीच्या भीतीने. ती भीती रास्त आहे. त्यावर उपाय सोपा: हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि उरलेला संगणक द्यावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात मात्र कोणाच्याही नाही) आणि पुण्याची तपकीर गल्ली येथे नवी डिस्क बसवून देणारे कारागीर आजही आहेत. आणि मुळात नव्या खरेदीची मागणी लिहितानाच तीनऐवजी पाच वर्षांची हमी व सुटे भाग मिळण्याची अट घातली, तर विक्रेते ती मान्य करतात. दर थोडा वाढवून, अर्थातच.