वातव्याधीच्या रुग्णाचे तोंड कोणी पाहावयाचे?

वातव्याधीचा रुग्ण चिकित्सालयात आला म्हणजे आपण नाडी पाहतो, कोष्ठ विचारतो, जिव्हा बघतो. जिव्हा पाहून झाली की त्याला तोंड मिटावयास सांगतो. दात आणि हिरड्या हा दंतवैद्याचा प्रांत, असे आपण गृहीत धरले आहे. दंतवैद्याला वाटते की पक्षाघात, अपस्मार, कंपवात यांच्याशी आपला संबंध नाही. या दोन गृहीतकांच्या मध्ये रुग्णाचे मुख बेवारस पडून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मला स्वतःच्या एका चुकीतून आले, म्हणून ती चूक प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई हिरड्या सुजल्याच्या तक्रारीसाठी घेऊन आली. पुढचे दात हिरडीने जवळजवळ अर्धे झाकले होते. मी उपकुश असे निदान करून त्रिफळा क्वाथाचे कवल आणि इरिमेदादि तैलाचे प्रतिसारण दिले. तीन महिन्यांत रक्त येणे थोडे कमी झाले, वाढ मात्र तशीच राहिली. वास्तविक उपकुशात दाह असतो, पाक असतो, दात हलू लागतात. येथे त्यातले काहीच नव्हते. हिरडी घट्ट होती आणि दुखत नव्हती. लक्षणे जुळत नाहीत हे दिसत असूनही मी निदान सोडले नाही. पुढे एकदा आईच्या पिशवीतून फेनिटॉइनची पट्टी बाहेर पडली. "ती फिट्सची गोळी आहे, दाताची नाही, म्हणून बोलले नाही," असे ती म्हणाली. तिचे काहीच चुकले नव्हते. विचारणे माझे काम होते.

फेनिटॉइन अपस्मारासाठी 1938 पासून वापरात आहे आणि त्याने हिरड्या वाढतात ही नोंद पुढच्याच वर्षी, 1939 मध्ये, झालेली आहे. घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत ही वाढ कमी-अधिक दिसते. ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत पुढच्या दोन दातांमधल्या टोकापासून सुरू होते. जेथे दातच नाही तेथे ती सहसा होत नाही, आणि जेथे दातांवर मळाचा थर साचतो तेथे ती बळावते. यावरून दोन गोष्टी निघतात. स्वच्छता राखल्यास वाढ बरीच आटोक्यात राहते. आणि केवळ स्तंभन-लेखन द्रव्यांनी ती जाईल अशी आशा रुग्णाला दाखवू नये. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपीनसारख्या गोळ्यांनीही काहींच्या हिरड्या अशाच वाढतात, हे येथे जाता जाता नोंदवतो.

परंतु कारण सापडले म्हणून गोळी बंद करावयास सांगणे हा त्याहून मोठा अपराध होय. अपस्मारावरचे औषध एकाएकी थांबले तर झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. बदल करावयाचा तो मेंदूविकारतज्ज्ञाने, सावकाश. त्या मुलाच्या बाबतीत तसेच झाले. औषध टप्प्याटप्प्याने बदलले, दंतवैद्याने दात स्वच्छ केले, आणि काही महिन्यांत हिरडी बरीच ओसरली. उरलेली शस्त्रकर्माने काढावी लागली.

त्याच पिशवीत शंखपुष्पी सिरपची बाटली होती. परीक्षा जवळ आली म्हणून आईने ती दुकानातून परस्पर आणली होती. औषधविक्रेत्या बंधूंनी हा भाग कृपया लक्षपूर्वक वाचावा. फेनिटॉइन चालू असलेल्या दोन रुग्णांचे झटके शंखपुष्पीयुक्त सिरप सुरू केल्यावर पुन्हा बळावले आणि रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटली, असे आढळल्यावरून मुंबईतील संशोधकांनी उंदरांवर अभ्यास केला. दोन्ही औषधे काही दिवस एकत्र दिली असता पातळी खरोखरच उतरते, असे त्यांना दिसले. हा अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. तीन दशके उलटली, तरी "मुलाला फिट्सची गोळी चालू आहे का?" हा प्रश्न गल्ल्यावर किती ठिकाणी विचारला जातो, हे आपणच आपल्याशी पाहावे. शंखपुष्पी मेध्य आहे, यात मला शंका नाही. प्रश्न संयोगाचा आहे, आणि संयोगविरुद्ध ही कल्पना आपल्याला कोणी बाहेरून शिकवावी लागत नाही.

आता गंडूष. पक्षाघाताच्या रुग्णाला तैलगंडूष लिहून देणे ही आपल्याकडे जवळजवळ रीत झाली आहे. गंडूषात मुख पूर्ण भरावयाचे असते, द्रव हलवावयाचा नसतो. ज्याचा अर्धा ओठ मिटत नाही आणि ज्याची गिळण्याची क्रिया मंदावली आहे, त्याच्या तोंडात आपण हे तेल ठेवतो. तेल श्वासमार्गात उतरले तर पाण्यासारखा जोराचा ठसका येईलच असे नाही. ते निमूटपणे फुप्फुसात जाते, आणि पुढे ज्वर आला की आपण दुसरेच कारण शोधतो. पाणी पिताना ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का, हे आधी विचारावे. उत्तर नाही असे आले तरी थोडी शंका असल्यास गंडूष टाळावा. रुग्णाला बसते करून, बोटाला कापड गुंडाळून, अल्प तेलाने प्रतिसारण करावे. अशा रुग्णाच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साचून राहतो आणि त्याला ते कळतही नाही. तो प्रत्येक जेवणानंतर घरच्यांनी काढावा.

अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत दंतकाष्ठ कोणी वापरू नये याची यादी आहे. अजीर्ण, श्वास, कास यांच्याबरोबर तीत अर्दिताचे नाव स्पष्ट आहे. सुश्रुतही अर्दिताच्या रुग्णाला ते वर्ज्य सांगतो. आपण ही यादी परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो. अर्थात दंतकाष्ठ वर्ज्य म्हणजे दंतशुद्धीच वर्ज्य, असा अर्थ घेणे चूक ठरेल. मऊ ब्रश चालतो. कंपवातात मुठीत बसेल अशी जाड मूठ करून दिली, तर पुष्कळ रुग्ण स्वतः दात घासू शकतात. त्यांना दंतवैद्याकडे पाठवताना लेव्होडोपाची मात्रा लागू पडलेली असते तीच वेळ ठरवून द्यावी. कंप कमी असतो आणि तोंड उघडे ठेवणे जमते.

शेवटी एका वेदनेविषयी. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ येते, काही सेकंद टिकते, वाऱ्याने, घासाने वा दात घासण्याने सुटते. अनंतवाताशी तिचे साम्य आपण शिकवतो. तरीही आपल्यातलेच काही जण "दाढ काढून घ्या" म्हणून मोकळे होतात. निरोगी दाढा एकामागून एक काढूनही कळ तशीच राहिलेले रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत. दात किडलेला नाही, ठोकल्यावर दुखत नाही, रात्री ठणकत नाही, आणि कळ मात्र स्पर्शाने सुटते, असे असेल तर पक्कड हाती घेण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाचे मत घेण्याविषयी दंतवैद्याला चिठ्ठी लिहावी. चिठ्ठीत चालू गोळ्यांची नावे असावीत. व्हॅल्प्रोएटने काहींच्या रक्तातील चकत्या घटतात आणि पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारी गोळी बहुधा चालूच असते. दात काढण्यापूर्वी हे दोन्ही त्याला कळले पाहिजे, आणि ती गोळी थांबवण्याचा निर्णय आपण किंवा रुग्णाने परस्पर घेता कामा नये.

संघटनेच्या छापील रुग्णपत्रिकेत 'मुख व दंत' या शीर्षाखाली तीन ओळी आणि 'चालू असलेली सर्व औषधे' यासाठी एक चौकट असावी, असा प्रस्ताव मी पुढील सभेत मांडणार आहे. छपाईचा खर्च वाढेल, ही हरकत येईल हे मला ठाऊक आहे. पत्रिकेची मागची बाजू आजवर कोरीच जाते.